धातूच्या नॅनोरचना प्रकाश कुठे आणि कसा विखुरतात? ध्रुवण आणि दिशा मोजण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपण नक्की काय मोजतो?

काचेवर सोन्याचा एक बारीक कण ठेवला, समजा ८० नॅनोमीटर रुंदीचा, आणि त्याच्यावर प्रकाश टाकला, की कण तो प्रकाश चहूकडे विखुरतो. याला प्रकीर्णन म्हणतात. काही पुस्तकांत विकिरण हा शब्दही सापडतो, पण विकिरण म्हटले की किरणोत्साराशी गल्लत होते, म्हणून मी प्रकीर्णनच वापरते. विखुरलेल्या प्रकाशाबद्दल चार गोष्टी विचारता येतात: तो किती आहे, कोणत्या रंगाचा आहे, कोणत्या दिशेला गेला, आणि त्याचे विद्युत क्षेत्र कोणत्या रेषेत किंवा कोणत्या वळणाने हलते. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक प्रयोगशाळांत मोजल्या जातातच. हे पान उरलेल्या दोन गोष्टींसाठी, म्हणजे दिशा आणि ध्रुवण यांच्यासाठी आहे.

धातूच का?

धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या क्षेत्राबरोबर मागेपुढे हिंदकळतात आणि ठरावीक तरंगलांबीला हे हिंदकळणे फार मोठे होते. त्यालाच प्लाझमॉन रेझोनन्स म्हणतात. पाण्यातल्या ८० नॅनोमीटरच्या सोन्याच्या गोळ्याचा रेझोनन्स साधारण ५५० नॅनोमीटरला येतो, लहान चांदीच्या गोळ्याचा ४०० नॅनोमीटरच्या आसपास. गोळ्याऐवजी सळी घेतली तर रेझोनन्स लाल रंगाकडे सरकतो. लांबी रुंदीच्या तिप्पट असेल तर सोन्याच्या सळीचा लांबीकडचा रेझोनन्स पाण्यात ७०० नॅनोमीटरच्या जवळ जातो. शिवाय सळीत इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेनेच जोरात हिंदकळतात, त्यामुळे तिचा प्रकाशही त्याच दिशेने ध्रुवित असतो. आकार बदलला की रंग, दिशा आणि ध्रुवण तिन्ही बदलतात. धातूच्या रचनांची ओढ वाटते ती यासाठीच.

एक व्यावहारिक सूचना. चांदी हवेतल्या गंधकामुळे काळवंडते. चांदीचा नमुना बनवला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी मोजून टाका. आठवड्याने मोजलेला वर्णपट हा वेगळ्याच कणाचा वर्णपट असतो.

दिशा आणि ध्रुवण एकत्रच का मोजायचे? वेगवेगळे मोजले तर बिघडते कुठे?

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि या पानावरचे माझे मुख्य म्हणणेही याच्याच उत्तरात आहे.

प्रकाश आडवी लहर आहे. तिचे विद्युत क्षेत्र तिच्या वाटचालीला लंबच असते. म्हणून दिशा ठरल्याशिवाय ध्रुवणाला अर्थच येत नाही. उभ्या द्विध्रुवाचे उदाहरण घ्या, म्हणजे काचेला लंब दिशेने हिंदकळणारा कण. त्याचा प्रकाश प्रत्येक दिशेला पूर्णपणे रेषीय ध्रुवित असतो. पण पूर्वेला जाणाऱ्या प्रकाशाचे क्षेत्र पूर्व-पश्चिम आणि वर-खाली या पातळीत झुललेले असते, तर उत्तरेला जाणाऱ्याचे उत्तर-दक्षिण आणि वर-खाली या पातळीत. ऑब्जेक्टिव्हने, म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या नमुन्याजवळच्या भिंगाने, हे सगळे गोळा केले की मागच्या बाजूला क्षेत्राच्या रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या केंद्रातून बाहेर पसरलेल्या दिसतात. आता तुम्ही दिशा न पाहता सगळा प्रकाश एकाच डिटेक्टरवर पाडलात आणि समोर पोलरायझर, म्हणजे एकाच रेषेतले क्षेत्र पार होऊ देणारी चकती, फिरवला, तर काय दिसेल? काहीच नाही. तीव्रता जराही हलणार नाही आणि तुम्ही लिहाल, "कणाचा प्रकाश अध्रुवित आहे." प्रत्यक्षात तो प्रत्येक दिशेला शंभर टक्के ध्रुवित होता. सरासरीने ती माहिती पुसून टाकली.

इतका बारीक कण दिसतो तरी कसा?

कणाचा आकार दिसत नाही, त्याने विखुरलेला प्रकाश दिसतो. १८५७ साली मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या लालसर द्रावणातून प्रकाशाची शलाका सोडली तेव्हा शलाकेची वाट उजळून निघाली, पण कण वेगळे दिसले नाहीत. १९०३ साली रिचर्ड झिगमोंडी आणि हेन्री झीडेंटोफ यांनी अल्ट्रामायक्रोस्कोप जगापुढे ठेवला. बाजूने प्रकाश टाकायचा आणि फक्त विखुरलेला प्रकाश वर घ्यायचा, अशी त्याची रचना. कोलॉइडवरच्या कामासाठी झिगमोंडी यांना १९२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आजचे डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शन म्हणजे त्याच कल्पनेचे सुधारलेले रूप.

पहिल्यांदा डार्क-फील्डमध्ये डोकावणाऱ्यांना मी नेहमी सांगते, आधी खोलीतले दिवे बंद करा आणि दोन मिनिटे थांबा. मग काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे, पिवळे, लाल, निळे ठिपके उगवायला लागतात. हिरवा ठिपका बहुधा एकटा सोन्याचा गोळा, लालसर ठिपका म्हणजे सळी किंवा चिकटलेली जोडी, आणि पांढरा झगमगता ठिपका असेल तर तो बहुधा धूळ. नजर सरावली की मोजण्याआधीच निम्मी निवड डोळ्यांनी होते.

कण आणखी लहान घेतले तर?

प्रकाश झपाट्याने कमी होतो. लहान कणासाठी प्रकीर्णन व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असते आणि शोषण तिसऱ्या घातावर. व्यास निम्मा केला की प्रकीर्णन ६४ पट घटते, शोषण फक्त ८ पट. दिशा आणि ध्रुवण मोजायचे तर आपण तोच प्रकाश शेकडो पिक्सेलवर आणि सहा-आठ चित्रांमध्ये वाटून टाकतो. त्यामुळे सुरुवात ८० ते १०० नॅनोमीटरच्या कणांवर करा.

दिशा मोजायची कशी? डिटेक्टर गोल फिरवायचा का?

तसेही करता येते. गोनिओमीटरच्या बाहूवर डिटेक्टर बसवून नमुन्याभोवती फिरवतात, आणि मोठ्या पृष्ठभागावरच्या ओळीबद्ध रचनांसाठी ही पद्धत उत्तम आहे. एकट्या कणासाठी मात्र ती फार मंद, आणि तिथे प्रकाशही तुटपुंजा असतो.

एकट्या कणासाठी ऑब्जेक्टिव्हचे मागचे नाभीय प्रतल कॅमेऱ्यावर घेतात. सगळेजण त्याला बॅक फोकल प्लेन किंवा नुसते बीएफपी म्हणतात. कणाच्या नेमक्या जागेपेक्षा त्याने प्रकाश कोणत्या कोनात सोडला हे त्या प्रतलात उतरते. एकाच कोनात निघालेले सगळे किरण तिथे एकाच बिंदूत येतात. ऑब्जेक्टिव्ह आणि कॅमेरा यांच्या मध्ये एक जादा भिंग, म्हणजे बर्ट्रांड भिंग, घातले की कॅमेऱ्यावर कणाच्या ठिपक्याऐवजी एक भरगच्च वर्तुळ येते. वर्तुळाचा मध्य म्हणजे सरळ वर गेलेला प्रकाश, कडा म्हणजे ऑब्जेक्टिव्ह गोळा करू शकते तो सर्वांत कललेला प्रकाश. एका झटक्यात हजारो दिशा.

भिंग नीट जागेवर आहे का हे ओळखण्याची खूण सोपी आहे. वर्तुळाची कड सुरीने कापल्यासारखी तीक्ष्ण दिसली पाहिजे. कड धूसर असेल तर पुढचे सगळे मोजमाप धूसर.

वर्तुळावरच्या एखाद्या बिंदूचा कोन कसा काढायचा?

केंद्रापासूनचे अंतर कोनाच्या प्रमाणात नसते. ते अपवर्तनांक गुणिले कोनाची साइन या राशीच्या प्रमाणात असते. अर्न्स्ट आबे यांच्या साइन अटीतून हे येते. ऑब्जेक्टिव्ह गोळा करू शकते त्या सर्वांत मोठ्या कोनासाठी हीच राशी काढली की तिला एनए म्हणतात. १.४ एनएचे तेलातले ऑब्जेक्टिव्ह आणि १.५१८ अपवर्तनांकाची काच घेतली तर कड ६७.३ अंशांवर येते. कड केंद्रापासून ४२० पिक्सेलवर असेल तर एनए १ ची जागा ३०० पिक्सेलवर आली पाहिजे.

ही ३०० पिक्सेलची जागा मोजपट्टी म्हणून वापरता येते. काचेवर, हवेत, प्रकाश सोडणारा कोणताही पातळ थर ठेवला, की क्रांतिक कोनाला, म्हणजे ४१.२ अंशांना, एक झळझळीत कडे उमटते. ते कडे आणि बाहेरची कड अशा दोन खुणा मिळाल्या की मोजपट्टी पक्की. दर वेळी भिंग हलवल्यावर हे करा. पाच मिनिटे लागतात.

आणखी एक दुरुस्ती राहून जाते. बीएफपीवरची तीव्रता दर क्षेत्रफळामागची असते, आपल्याला हवी असते दर घनकोनामागची. त्यासाठी प्रत्येक पिक्सेलला कोनाच्या कोसाइनने गुणावे लागते. ६७.३ अंशांना ही दुरुस्ती केली नाही तर कडेची तीव्रता साधारण २.६ पट फुगून दिसते, आणि मग "आमची अँटेना आडव्या दिशेला प्रकाश फेकते" असा निष्कर्ष निघतो जो निव्वळ भूमितीचा असतो.

ते क्रांतिक कोनाचे कडे इतके ठळक का असते?

हवा आणि काच यांच्या सीमेवर बसलेल्या कणाला काचेकडे प्रकाश सोडणे सोपे जाते, कारण काचेचा अपवर्तनांक जास्त. कणाच्या अगदी जवळचे क्षेत्र, जे हवेत दूर जाऊच शकत नाही, ते काचेत शिरून खरा प्रकाश बनते आणि क्रांतिक कोनापलीकडे निघते. सीमेवरच्या आडव्या-उभ्या द्विध्रुवांचा बराचसा प्रकाश या कड्याच्या आसपास जमतो.

प्रयोग करणाऱ्याला याचा मोठा फायदा आहे. प्रकाश हवेच्या बाजूने टाकला तर सरळ घुसलेला प्रकाश काचेत ४१.२ अंशांच्या आतच राहतो, अपवर्तनाच्या नियमाने त्याला बाहेर जाताच येत नाही. म्हणून कड्याबाहेर जो प्रकाश दिसतो तो फक्त कणाने विखुरलेला. दिव्याचा किंवा लेझरचा मूळ प्रकाश तिथे पोचत नाही. पार्श्वभूमी वजा करण्याची कटकट नको असेल तर आधी हा पट्टा पाहा. मी तरी कोणत्याही नव्या नमुन्याची ओळख याच पट्ट्यातून करून घेते.

शेजारच्या कणांचा प्रकाश मिसळू नये म्हणून काय करायचे?

बीएफपीवर जागेची माहिती नसते, म्हणून नमुन्याच्या प्रतिमेच्या जागी आधी एक पिनहोल ठेवून एकच कण निवडायचा आणि मग बर्ट्रांड भिंग घालायचे. पिनहोल किती लहान? लोक शक्य तितके लहान ठेवतात आणि तिथेच फसतात. पिनहोल नमुन्यावरच्या २ मायक्रोमीटरएवढे असेल तर ०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीला कोनाचे चित्र एनएच्या मापात साधारण ०.३ ने पसरते. इतक्या पसरटपणात क्रांतिक कोनाचे कडेसुद्धा विरून जाते. १० मायक्रोमीटर ठेवले तर पसरणे ०.०६ वर येते. म्हणजे कण एकमेकांपासून निदान १० मायक्रोमीटर दूर हवेत. विरळ नमुना बनवणे कंटाळवाणे वाटते, पण या मोजमापाचा पाया तोच आहे.

ध्रुवणासाठी पोलरायझर फिरवला की पुरत नाही का?

सळीसारख्या साध्या रचनेला पुरतो. पण पोलरायझरला रेषीय घटकच कळतात. पूर्ण वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश आणि पूर्ण अध्रुवित प्रकाश यांत त्याला काडीचाही फरक दिसत नाही. दोन्हींत तीव्रता स्थिर राहते.

म्हणून जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली मांडलेल्या चार राशी मोजतात. एस० म्हणजे एकूण तीव्रता, एस१ म्हणजे आडव्या आणि उभ्या घटकांतला फरक, एस२ म्हणजे अधिक ४५ आणि उणे ४५ अंशांतला फरक, एस३ म्हणजे उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार घटकांतला फरक. चौघींनाही कॅमेऱ्यावर तीव्रतेच्या चित्रांतूनच काढता येते, हे या मांडणीचे खरे सौंदर्य. प्रत्येक पिक्सेलवर चार राशी, म्हणजे प्रत्येक दिशेला ध्रुवणाचे पूर्ण वर्णन.

किती चित्रे घ्यावी लागतात?

सरळ पद्धतीत सहा: आडवे, उभे, दोन तिरके, उजवे, डावे. मला दुसरी पद्धत आवडते. पोलरायझर एका जागी ठेवायचा आणि त्याच्याआधी क्वार्टर-वेव्ह प्लेट, म्हणजे क्षेत्राच्या एका घटकाला दुसऱ्यापेक्षा पाव लहर मागे पाडणारी चकती, फिरवायची. प्लेटचा कोन बदलत गेला की प्रत्येक पिक्सेलची तीव्रता दोन लयींत वरखाली होते: एक लय प्लेटच्या कोनाच्या दुपटीने, दुसरी चौपटीने. दुपटीची लय एस३ देते, चौपटीची एस१ आणि एस२, आणि स्थिर भागातून एस० निघते. १८० अंशांत २२.५ अंशांच्या ८ पायऱ्या पुरतात.

ही पद्धत मला आवडते कारण पोलरायझर हलत नाही. त्यामुळे त्याच्यापुढचे काहीही, ग्रेटिंग असो, आरसा असो की कॅमेरा, नेहमी एकाच ध्रुवणाचा प्रकाश पाहते. त्यांची ध्रुवणाबद्दलची आवड-निवड मोजमापात शिरतच नाही.

आता बाजारात पिक्सेलवरच चार दिशांचे बारीक पोलरायझर कोरलेले कॅमेरे मिळतात. एका चित्रात एस०, एस१, एस२ मिळतात, पण एस३ मिळत नाही. हलत्या किंवा पाण्यात गिरक्या घेणाऱ्या कणांसाठी ते चांगले.

क्वार्टर-वेव्ह प्लेट सगळ्या रंगांना चालते का?

साधी प्लेट एकाच तरंगलांबीला नीट चालते. पांढऱ्या प्रकाशात वर्णपटासह मोजायचे असेल तर अॅक्रोमॅटिक प्लेट हवी. एकाच पदार्थाच्या तीन प्लेटा योग्य कोनांत रचून असा मेळ साधता येतो हे बंगळूरच्या एस. पंचरत्नम यांनी १९५५ साली दाखवले. त्याच रचनेच्या प्लेटा आजही वापरल्या जातात. कोणतीही प्लेट घेतली तरी तिची मंदता, म्हणजे ती एका घटकाला नक्की किती मागे पाडते ते, स्वतः मोजून घ्या, कागदावरच्या आकड्यावर विसंबू नका.

उपकरणच ध्रुवण बदलत असेल तर कसे ओळखायचे?

बदलतेच. प्रश्न फक्त किती बदलते एवढाच.

सोन्याच्या सळ्यांवर काम सुरू केले तेव्हाची गोष्ट सांगते. एकट्या सळीचा प्रकाश रेषीय ध्रुवितच असायला हवा. ती एकच द्विध्रुव आहे, दुसरे काही होऊच शकत नाही. पण माझ्या मोजमापात एस३ शून्य येईना. एस३ आणि एस० यांचे गुणोत्तर ०.३ पर्यंत जाई. आम्ही दोन आठवडे सळीत दोष शोधला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढले, टोकाशी काही चिकटले आहे का पाहिले. शेवटी एका संध्याकाळी मी नमुनाच हळूहळू फिरवायला घेतला. सळी टेबलाच्या कडेला समांतर आली की एस३ नाहीसा. ४५ अंशांवर सर्वांत जास्त. उलट बाजूच्या ४५ अंशांवर तेवढाच, पण चिन्ह उलटे. सळीला टेबलाची कड कुठून माहीत असणार? टेबलाची कड माहीत होती ती प्रकाश वळवणाऱ्या ४५ अंशांच्या आरशाला. आरसा त्याच्या पातळीतल्या आणि पातळीला लंब असलेल्या घटकांच्या फेजमध्ये, म्हणजे लहरींच्या टप्प्यात, फरक टाकत होता आणि तिरक्या रेषीय प्रकाशाला लंबवर्तुळाकार करत होता.

तेव्हापासून माझा नियम असा: प्लेट आणि पोलरायझर ऑब्जेक्टिव्हच्या लगेच मागे, कोणत्याही आरशाच्या, डायक्रोइकच्या (रंगानुसार प्रकाश वेगळा करणाऱ्या आरशाच्या) किंवा बीम-स्प्लिटरच्या आधी. जागाच नसेल तर तसाच दुसरा आरसा ९० अंशांत वळवून बसवा, म्हणजे एकाने टाकलेला फेजचा फरक दुसरा भरून काढतो. तेही जमत नसेल तर ज्ञात ध्रुवणाचा प्रकाश आत सोडून सगळ्या मार्गाचा म्यूलर मॅट्रिक्स, म्हणजे स्टोक्स राशी वाटेत कशा बदलतात हे सांगणारा आकड्यांचा तक्ता, मोजा आणि गणिताने उलटवा. आणि नमुना फिरवून पाहण्याची कसोटी मात्र प्रत्येक वेळी घ्या. जे नमुन्याबरोबर फिरते ते नमुन्याचे. जे टेबलाबरोबर राहते ते उपकरणाचे.

क्रॉस केलेल्या, म्हणजे एकमेकांना लंब ठेवलेल्या, पोलरायझरमध्ये बीएफपीवर चार पाकळ्यांचे फूल दिसते. हा कणाचा गुण आहे का?

बहुधा नाही. काचेच्या पृष्ठभागांवरून तिरके जाणाऱ्या किरणांचे दोन घटक वेगवेगळ्या प्रमाणात पार होतात, म्हणून तिरक्या कोनांना ध्रुवण थोडे फिरते. मध्यावर आणि दोन अक्षांवर फिरत नाही, म्हणून काळा क्रॉस आणि त्यामध्ये चार उजळ पाकळ्या. कण काढून रिकाम्या काचेवर तेच चित्र घ्या. फूल तिथेही असेल तर ते ऑब्जेक्टिव्हचे. ऑब्जेक्टिव्हमधल्या भिंगांवर ताण असेल तर क्रॉस वाकडा होतो, तेही याच चित्रात कळते.

आणखी एक भौमितिक बाब इथेच सांगते. बीएफपीवर क्षेत्र सपाट झालेले असते, कणाच्या बाजूला ते गोलावर असते. एस१, एस२ हे टेबलाच्या अक्षांवर लिहायचे की प्रत्येक दिशेच्या स्वतःच्या अक्षांवर, म्हणजे केंद्राकडे जाणारी रेषा आणि तिला लंब रेषा यांवर, हे आधी ठरवा. प्रकीर्णनाच्या सिद्धान्ताशी तुलना करायची असेल तर दुसरी पद्धतच सोयीची.

ध्रुवणाची मात्रा ०.६ आली. कण प्रकाशाचे ध्रुवण घालवतो असे म्हणायचे का?

लगेच म्हणू नका. मात्रा म्हणजे एकूण प्रकाशातला ध्रुवित भाग, पूर्ण ध्रुवित प्रकाशाला ती १. पूर्ण ध्रुवित, एकाच लेझरने उजळलेला, न हलणारा कण प्रत्येक दिशेला पूर्ण ध्रुवित प्रकाशच देतो. कणाची रचना कितीही गुंतागुंतीची असली तरी. तेव्हा मात्रा १ पेक्षा कमी आली तर पहिला संशय सरासरीवर घ्या. पिक्सेल एकत्र केले का? पिनहोल फार लहान ठेवून कोन मिसळले का? फिल्टर रुंद ठेवून रंग मिसळले का? शेजारचा कण आत आला का? पार्श्वभूमी वजा केली का? हे सगळे तपासून झाल्यावरही मात्रा कमीच राहिली तर मग त्यात भौतिकी आहे, उदाहरणार्थ कणातून प्रकीर्णनाबरोबर स्वतःचा क्षीण प्रकाशही निघत असेल.

मात्रा १ पेक्षा जास्त आली तर? मंद पिक्सेलवर गोंगाटामुळे तसे होते. एस० एका मर्यादेपेक्षा कमी असलेले पिक्सेल चित्रातून सरळ वगळा.

पहिला प्रयोग कोणता करावा?

सोन्याची सळी. पांढरा अध्रुवित प्रकाश टाका, कॅमेऱ्यासमोर पोलरायझर फिरवा, लांबीकडच्या रेझोनन्सची तीव्रता कोसाइनच्या वर्गाने बदलली पाहिजे. मग उलट करा: ध्रुवित प्रकाश टाका आणि कॅमेऱ्यासमोरचा पोलरायझर काढा, पुन्हा कोसाइनचा वर्ग. दोन्ही पोलरायझर समांतर ठेवून एकत्र फिरवले तर चौथा घात येतो. तिन्ही वक्र जुळले की तुमची मांडणी विश्वासार्ह झाली. मगच गुंतागुंतीच्या रचनांकडे वळा.

प्रकाशाला एकाच दिशेला वळवणाऱ्या रचना खरोखर चालतात का?

चालतात, आणि त्यांचा पुरावा बीएफपीवरच मिळाला. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी १९२६ साली रेडिओसाठी मांडलेली अँटेना घरांच्या छपरांवर दिसायची. २०१० साली बार्सिलोनात तिचीच पाच सळ्यांची सोन्याची नॅनो-आवृत्ती बनवून एका सळीच्या टोकाशी क्वांटम डॉट, म्हणजे स्वतः प्रकाश सोडणारा अर्धवाहकाचा बारीक कण, बसवला गेला. डॉट एरवी चहूकडे प्रकाश फेकतो, इथे बीएफपीवर वर्तुळाच्या एकाच बाजूला उजळ डाग उमटला.

२०११ साली स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या गटाने सोन्याची आणि चांदीची चकती शेजारी ठेवून तांबडा आणि निळा प्रकाश उलट बाजूंना वळवून दाखवला. दोन्ही चकत्या सारख्या आकाराच्या असल्या तरी धातू वेगळे म्हणून त्यांच्या फेजमध्ये फरक पडतो आणि तोच दिशा ठरवतो. मला हा प्रयोग फार जवळचा वाटतो, कारण त्यात कळीची गोष्ट उघड दिसते: दिशा म्हणजे दोन स्रोतांमधला फेजचा फरक, बाकी काही नाही.

मिल्टन कर्कर आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली दाखवले होते की विद्युत आणि चुंबकीय द्विध्रुव सारख्याच ताकदीने हिंदकळले तर मागच्या बाजूचा प्रकाश नाहीसा होतो. धातूच्या साध्या गोळ्यात चुंबकीय प्रतिसाद फार दुबळा असतो, म्हणून दृश्य प्रकाशात हे २०१३ च्या सुमारास सिलिकॉनच्या कणांवर दिसले.

ध्रुवण बदलून दिशा बदलता येते का?

येते. २०१४ साली व्हिएन्नात एका अतिबारीक काचतंतूवर सोन्याचा एकच कण बसवला होता. त्यावर पडणाऱ्या प्रकाशाचे वर्तुळाकार ध्रुवण उजव्याचे डावे केले की तंतूत शिरणारा प्रकाश एका बाजूऐवजी दुसऱ्या बाजूला जायला लागला. इथे दिशा आणि ध्रुवण वेगळे करणे अशक्यच आहे.

लेझर वापरावा की पांढरा दिवा?

कोनाच्या चित्रासाठी दिवा आणि अरुंद फिल्टर बरा. लेझरचा प्रकाश प्रत्येक भिंगाच्या पृष्ठभागावरून परत येऊन व्यतिकरणाची कडी उमटवतो, आणि ती कणाच्या नमुन्यासारखी दिसतात. लेझर घ्यावाच लागला तर ध्रुवण, कोन आणि जागा यांवर पूर्ण ताबा मिळतो, हे त्याचे बलस्थान.

इलेक्ट्रॉन शलाकेने हेच मोजता येते का?

येते, त्याला कॅथोडोल्युमिनेसन्स म्हणतात. इलेक्ट्रॉनची शलाका काही नॅनोमीटरच्या जागेवर टेकते, त्यामुळे रचनेचा कोणता कोपरा कोणत्या दिशेला प्रकाश टाकतो हे बिंदू-बिंदूने पाहता येते. प्रकाश पॅराबोलिक आरशाने गोळा करतात. ॲम्स्टरडॅममधल्या अॅमॉल्फ संस्थेने २०१६ साली या पद्धतीत प्रत्येक कोनाला पूर्ण स्टोक्स राशी मोजून दाखवल्या. आरसा कोनाप्रमाणे ध्रुवण बदलतो, म्हणून प्रत्येक पिक्सेलसाठी वेगळी म्यूलर दुरुस्ती करावी लागते. काम मोठे आहे, पण फळ तितकेच.

गणना आणि मोजमाप जुळत नाही. दोष कुठे शोधावा?

आधी गणनेत काच आहे का ते पाहा. कितीतरी वेळा कण मोकळ्या हवेत गणलेला असतो आणि मोजलेला असतो काचेवर. मग प्रकाश टाकण्याचा कोन: डार्क-फील्डमध्ये प्रकाश शंकूच्या सगळ्या बाजूंनी येतो, गणनेत बहुधा एकच सरळ लहर असते. तिसरे, कोसाइनची दुरुस्ती दोन्हीकडे केली गेली किंवा कुठेच केली गेली नाही, हे तपासा.

उजवे वर्तुळाकार म्हणजे नक्की कोणते?

दोन परंपरा आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. प्रकाशविज्ञानाची बरीच पुस्तके प्रकाशाच्या उगमाकडे तोंड करून पाहतात. क्षेत्र घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरले तर उजवे. अभियांत्रिकीत प्रकाशाच्या पाठीमागून, त्याच्या वाटेने पाहतात. त्यामुळे एकाचे उजवे दुसऱ्याचे डावे. लेख वाचताना लेखकाने कोणती परंपरा घेतली ते पहिल्या पानावरच शोधा, आणि स्वतः लिहिताना पहिल्याच परिच्छेदात सांगा. शिवाय वाटेत प्रत्येक आरशाशी उजव्याचे डावे होते. कण आणि प्लेट यांच्यामध्ये किती आरसे आहेत ते मोजून एस३ चे चिन्ह ठरवा. आरशांची संख्या सम असेल तर चिन्ह तेच, विषम असेल तर उलटे.